आईने पाहिलेलं चॅपेल

वसईत वाटेवर ठिकठिकाणी क्रूस आणि छोटी चॅपेलं दिसतात. काही नवसाची, काही साथीच्या दिवसांतली, काही गेलेल्या माणसांच्या आठवणीतली. आठवणीतल्या चॅपेलवर संगमरवरी पाटी असते, तिच्यावर नाव आणि तारखा. आमच्या निर्मळकडच्या वाडीतल्या चॅपेलवर तशी पाटी नाही. ती नको, हे आईनेच सांगून ठेवलं होतं.

आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळला तेव्हा तो यकृतात पसरलेला होता. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाकांवर बसून आम्ही रिपोर्टांची वाट बघायचो. 1941 साली सुरू झालेलं हे रुग्णालय लेडी मेहेरबाई टाटांचं स्मारक आहे. त्या रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. इतकं मोठं, इतक्यांच्या उपयोगाचं स्मारक, पण ज्यांच्यासाठी उभं राहिलं त्यांना ते कधी दिसलं नाही. हे मी दादाला म्हटलं आणि त्याने ते मनावर घेतलं. केमो थांबवून घरी नेऊया असं ठरलं, त्याच आठवड्यात तो म्हणाला, ‘‘आईच्या नावाने चॅपेल बांधू. आत्ताच.’’

मला ते विचित्र वाटलं. जिवंत माणसासमोर त्याच्या स्मारकाचं जोतं भरायचं? पण आईला सांगितलं तेव्हा ती उठून बसली. ‘‘कुठे बांधताय?’’ एवढंच तिने विचारलं.

दादाच्या मनात रस्त्याकडेची जागा होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशी. पण सार्वजनिक जागेवर नवं प्रार्थनास्थळ उभारायला सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली मनाई केली आहे. आणि आईला तर आपली जमीन सोडून दुसरीकडे जायचंच नव्हतं. विहिरीजवळची केळीची एक रांग काढली आणि तिथे आठ बाय दहाची जागा आखली.

प्रमुख धर्मगुरूंकडे गेलो. फादरांनी नियम सांगितले. खासगी चॅपेलात मिस्सा करायला बिशपांची परवानगी लागते. आशीर्वाद झाल्यावर तिथे घरातलं काही ठेवायचं नाही. आणि चॅपेल अर्पण करायचं ते संताला, घरच्या माणसाला नाही. घरी येऊन मी हे सगळं सांगितलं, तर आई म्हणाली, ‘‘दुसरा नियम तुझ्या भावाला लिहून दे. नाहीतर पावसात तो केळीचे लोंगर आत टांगील.’’

फादरांनी संत पेरेग्रिन सुचवला होता. इटलीतल्या फोर्लीच्या या संताला कॅन्सरच्या रुग्णांचा आश्रयदाता मानतात. त्याचा पाय कापायचं ठरलं होतं आणि आदल्या रात्रीच्या प्रार्थनेनंतर जखम भरून आली, अशी कथा आहे. आईने ती नीट ऐकून घेतली. ‘‘तो बरा झाला. त्याला माझं काय कळणार?’’ तिने संत योसेफाला निवडलं. येशू आणि मरिया उशाशी असताना त्याला मरण आलं असं मानतात, म्हणून चांगलं मरण मागणारे त्याच्याकडे जातात. पण आईने आम्हाला कारण दिलं ते वेगळंच: ‘‘सुतार होता. दार तरी नीट बसवून घेईल.’’

मग रोज सकाळी गवंडी आईच्या खिडकीपाशी येऊन विचारायचा. संगमरवर नको, म्हातारी माणसं घसरतात. खिडकी पश्चिमेला, समुद्राचं वारं येईल अशी. बाहेर रुंद ओटा, फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांना टेकायला. ओट्याशेजारी नळ. भेटायला येणाऱ्यांची आधी पंचाईत व्हायची. कॅन्सरच्या माणसाशी बोलायचं तरी काय? आता मंगळुरी कौलं घालायची की स्लॅब, यावर ते वाद घालायचे. आईही घालायची, कौलांच्या बाजूने. मला वाटतं, चॅपेलचा सगळ्यात मोठा उपयोग हाच झाला.

दुखणं त्यामुळे कमी झालं असं मी म्हणणार नाही. ते मॉर्फिनने कमी झालं. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून कायदा 2014 साली सुधारला, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही. मधले काही आठवडे आई वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात होती. 1986 साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथल्या सिस्टरांनी वेदना आटोक्यात आणल्या, गोळ्या कशा द्यायच्या ते आम्हाला शिकवलं आणि आईला घरी पाठवलं. घरी आल्या आल्या तिने विचारलं, ‘‘स्लॅबचं काय झालं?’’ स्लॅब नव्हताच, कौलंच चढली होती. जिंकल्यासारखी हसली.

लाद्या बसायच्या बाकी होत्या, तरी फादरांनी आशीर्वाद उरकून घेतला. ते शहाणे होते, थांबले नाहीत. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, ‘‘दार उलटं उघडतंय.’’ खरंच उलटं होतं, आत उघडलं की अर्धी जागा खायचं. दुसऱ्या दिवशी सुताराने बिजागऱ्या बदलल्या. ते तिने पाहिलं. पावसाळा लागला आणि ती गेली.

अजूनही नातेवाईक पाटीचा आग्रह धरतात, एक जण तर पैसेही द्यायला तयार आहे. आम्ही नाही म्हणतो. दरवर्षी 19 मार्चला, संत योसेफाच्या सणाला, तिथे मिस्सा होते. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी रोजरी असते. चावी काकीकडे असते. निर्मळला आलात तर मागून घ्या. ओटा आणि नळ खुलेच असतात.