चटणी पडायच्या आधी

रविवारी कोंबडी शिजत असली की आईची हाक ठरलेली, "चटणी पडायच्या आधी वाटी आण गं."

कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं तिखट. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायचं आणि वर्षभर पुरवायचं. ते पातेल्यात पडण्याआधी हळद, मीठ, आलं-लसणात शिजलेल्या कोंबडीचं जे पाणी असतं, ते अळणी. नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतंच. आम्हा पोरांचा भात त्यात कालवला जाई, आणि दात गेलेल्या आजोबांचाही.

उरलेल्या अळणीला मग दोन वाटा फुटत. एकीकडे ओल्या नारळाचं दूध आणि खसखस-तिळाचं वाटण घालून पांढरा. तो जोरात उकळला की फुटतो, म्हणून आई मंद आचेपुढे सारखी ढवळत उभी. दुसरीकडे भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि तेलात परतलेली चटणी घालून तांबडा. शिवाय सुक्कं. कोंबडी एक, ताटं सात, आणि एकही दुसऱ्यासारखं नाही. दादा पांढरा नुसता वाटीने पीत, भात फक्त तांबड्यावर. धाकटा दोन्ही एकत्र ओते. दादा म्हणत, "जेवतोयस का घर रंगवतोयस?"

भात आजऱ्याच्या घनसाळचा. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात बातमी आली. आमच्याकडे तो पाहुण्यांच्या पिशवीतून आधीपासून येत होता. बासमतीवर रस्सा वाढणं मला आजही पटत नाही. दाणे सुटे राहतात आणि रस्सा ताटभर पळतो.

सहावीत मी अळणीतून तांबड्यात गेले. पहिल्या दिवशी आईने पळीने वरचा कट बाजूला सारला आणि खालचा रस्सा वाढला. तिखटपणा पाण्यात नाही, तेलात उतरतो, हे मला पुढे कॉलेजात कळलं. एकाच पातेल्यातून वरून दादांना आणि खालून मला कसं वाढायचं, हे आईला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. दहावीच्या निकालादिवशी पळी मीच हातात घेतली आणि थेट कटात बुडवली. रात्री भोगलं, पण ते कुणाला सांगितलं नाही.

लग्न झालं ते मालवणच्या घरात. यांनी पहिल्यांदा तांबडा पाहिला आणि विचारलं, "हे झालंय की अजून आटायचंय?" मालवणी वाटणाचा दाटपणा रश्शात कुठला! त्यामुळे पुण्यातल्या आमच्या टेबलावर सोलकढी आली, अधूनमधून वडेही आले. लेक रस्साभातावर पोह्याचा पापड चुरते. मला वाटलं आई नाक मुरडेल, तर तिने स्वतःच्या ताटावरही चुरून घेतला.

आई आता आमच्याकडेच असते. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, म्हणून चटणी पडायच्या आधी मी तिची वाटी भरते. परवा वाटलं, रोज अळणीच काय, पांढरा तर चालेल. वाढायला गेले तर तिने ताटावर हात आडवा धरला.

"पांढरा नको बाई. मला कधी आवडलाच नाही. नारळानं पित्त होतं."

चाळीस वर्षं तो ढवळलेला मी पाहिला होता. "अगं, मग कधी बोलली का नाहीस?"

"कोण विचारलंय?" ती अगदी सहज म्हणाली आणि भात कुस्करू लागली.

"मग तुला काय आवडायचं?"

ती थोडी लाजली. "खरवड. भाताच्या टोपाची. त्यावर अळणी घालून. सगळे उठल्यावर खायची मी."

कुकरमधल्या भाताला खरवड धरत नाही. माळ्यावरचा जाड बुडाचा टोप शोधून काढला, घासला. या रविवारी त्यात भात ठेवला आणि शेवटची पाच मिनिटं आच मुद्दाम थोडी मोठी केली.