साडेसोळावरून नऊवर

पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाशी ताटकळत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना वाघिणी मोजायची सवय असते. कोळशाच्या बॉक्सएन रेकला साधारण 58 वाघिणी. एक वाघीण 10.7 मीटरची, म्हणजे इंजिन सोडूनच रेक 620 मीटरचा. तो लघुरेल्वेच्या एचओ मापात, 1:87 प्रमाणात, हुबेहूब करायचा म्हटला तर सात मीटरच्या वर जातो. आमच्या फ्लॅटची सर्वांत लांब भिंत जेमतेम तीन मीटर. त्यातही आईची खाट आली, मुलाचं टेबल आलं, आणि माझ्या रेल्वेच्या वाट्याला दोन फूट रुंदीची फळी उरली. एचओ सोडून एन मापाकडे, 1:160 कडे वळलो ते असं.

एनमध्ये गेलं की सगळं मावतं, असं नवख्यांना वाटतं. पण तोच रेक एनमध्येही पावणेचार मीटरच्या पुढे जातो. पूर्ण गाडी घरात मावत नाहीच. कोणत्याही मापात ती कापावीच लागते. फरक पडतो तो गाडीभोवतीच्या जागेत. पंधरा वाघिणींची गाडी एचओत तीन मीटरच्या भिंतीची निम्म्याहून जास्त लांबी खाते. एनमध्ये एक मीटर. उरलेल्या दोन मीटरमध्ये केळीची बाग येते, नाला येतो, सिग्नल येतो, आणि गाडी कुठून तरी कुठे तरी चालली आहे असं वाटतं. एचओतली माझी गाडी स्टेशनातून बाहेर पडली की लगेच पुढच्या स्टेशनात शिरायची.

दुसरा मुद्दा वळणाचा. एचओत अर्ध्या मीटरच्या आतल्या त्रिज्येवर लांब प्रवासी डबे बेढब दिसतात, कोपरे बाहेर लोंबतात. गाडी उलट फिरवायची तर चार फूट रुंदी हवी. एनमध्ये 28 सेंटिमीटर त्रिज्येचं वळण दोन फुटी फळीवर कसंबसं बसतं.

किंमत मोजावी लागतेच. लांबी जवळपास निम्मी झाली की वजन सहाव्या हिश्श्यावर येतं, पण धुळीचा कण तेवढाच राहतो. हलकं इंजिन रुळाला घट्ट टेकत नाही, वीज तुटते, गाडी अडखळते. चैत्र-वैशाखात खान्देशात खिडकी उघडी राहिली तर विचारू नका. गाडी चालवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसणं हा आमच्याकडचा नित्यनेम आहे. शिवाय विजेच्या तारा! डोक्यावरची खरी तार साधारण 12 मिलिमीटर जाडीची. 1:160 मध्ये ती केसाइतकी, 0.08 मिलिमीटर होते. बाजारात मिळणारी तार त्यापुढे दोरखंड दिसते. मी नुसते खांब उभे करतो. तारा बघणाऱ्याचा डोळा आपोआप जोडून घेतो.

आता जे मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. एचओचा रूळ 16.5 मिलिमीटर आणि एनचा 9, हे आकडे युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या रुळावरून आले. आपलं ब्रॉडगेज 1676 चं. ते 1:87 मध्ये 19.3 आणि 1:160 मध्ये साडेदहा मिलिमीटर व्हायला हवं. म्हणजे तयार रुळावरची आपली गाडी दोन्ही मापांत पायांनी अरुंदच. पण आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-जामनेर (‘पीजे’) या नॅरोगेज गाडीचा रूळ होता 762 मिलिमीटरचा. त्याला 87 ने भागा: पावणेनऊ. एनचा 9 मिलिमीटरचा रूळ तिथे जवळजवळ तंतोतंत बसतो!

म्हणजे रूळ लहान मापाचा घ्यायचा आणि गाडी, माणसं, झाडं, फलाट मोठ्या मापाचे ठेवायचे. जगभर नॅरोगेजवाले हेच करतात. एचओतली जुनी माणसं आणि घरं फेकावी लागत नाहीत. नॅरोगेजचे डबे आखूड, त्यामुळे तीव्र वळणावरही शोभतात. चार-पाच डब्यांची ‘पीजे’ न कापता, जशीच्या तशी घरात येते. ज्याच्याकडे जागा कमी आहे त्याने मेन लाइनचा हट्ट सोडून नॅरोगेज करावं, हे माझं स्पष्ट मत. मोठा पसारा पाहायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जावं. भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 ला सुरू झालं, एचओतच आहे, आणि त्यासाठी लागणारी जागा घरात का शोधू नये हे तिथे उभं राहिलं की कळतं.

पीजे करायची तर अडचण आहे ती खऱ्या डब्यांच्या मापांची. 56 किलोमीटरची ही गाडी 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही; आता तिथे ब्रॉडगेज व्हायचं आहे. शेंदुर्णी, पहूर इथल्या नॅरोगेजच्या खुणा किती टिकतील कोण जाणे. तेव्हा वाचकांना विनंती आहे. घरी पीजेचे जुने फोटो असतील तर त्यांतले डब्याशेजारी किंवा फलाटावर माणूस ताठ उभा असलेले वेगळे काढा. माणसाच्या उंचीवरून दाराची, खिडकीची, छपराची मापं निघतात. फोटो कुठल्या स्टेशनचा आणि अंदाजे कोणत्या साली काढलेला, एवढं पेन्सिलीने मागे लिहा आणि त्याची प्रत अंकाच्या पत्त्यावर पाठवा.