तांबटकाका

तांबटकाका गेले. पंच्याऐंशी ओलांडलेली, हातोडा सुटून बरीच वर्षं झालेली. तरी भांडीबाजारातून जाताना मान त्यांच्या दुकानाकडे वळतेच.

घंगाळ मठारताना ते बघायचे कमी आणि ऐकायचे जास्त. ठोका जरा बद्द आला की भांडं फिरवून पुन्हा तिथेच हातोडा. कल्हईचं तसंच. भांडं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागर टाकला की नाकात जाणारा पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचा. आम्ही पोरं खोकत खोकत तिथेच उभी.

स्टील आलं, बंब गेले, गिझर आले. काकांनी कुरकुर केली नाही असं लोक आता म्हणतात. साफ खोटं आहे. स्टीलला ते मनसोक्त शिव्या घालायचे, आणि घरात काकू स्टीलच्याच डब्यात पीठ ठेवायच्या. मुलांना मात्र त्यांनी भट्टीपाशी बसू दिलं नाही. थोरला सातपूरच्या कारखान्यात लागला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले.

२००८च्या सप्टेंबरात गोदावरी बाजारात शिरली. पाणी ओसरल्यावर काका गाळातून हंडे उपसत होते आणि शेजारच्या कापडवाल्याला सांगत होते, ‘‘माझं धुतलं की झालं, तुझं काय रे?’’ मग स्वतःचं टाकून त्याचे तागे वाळत घालायला गेले. काकू चिडल्या होत्या. बरोबरच होतं त्यांचं.

परवा दहाव्याला रामकुंडावर तो कापडवालाही आला होता. काकांकडे त्याची एक कळशी कल्हईला पडून आहे म्हणाला. थोरल्याने शोधून देतो म्हटलंय.