कडेगावात व्यायामविज्ञानाचा अभ्यास : एका प्रमाणपत्र परीक्षेची तयारी

खेळाडूंची ताकद, वेग आणि दमसास शास्त्रीय पद्धतीने वाढवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी अमेरिकेतील नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन ही १९७८ साली स्थापन झालेली संस्था १९८५ पासून प्रमाणपत्र परीक्षा घेते. कराड–विटा रस्त्यावरील कडेगावसारख्या तालुक्याच्या गावी राहून या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला अभ्यासासाठीच्या ग्रंथाच्या जाडीपेक्षा त्यातील उदाहरणे अधिक अडवतात. ग्रंथातला खेळाडू अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळतो आणि लोखंडी दांडा व चकत्या घेऊन सराव करतो. या भागातील परीक्षार्थीच्या नजरेत मात्र तालमीतल्या जोर-बैठका, लाल माती आणि जत्रेतले कुस्तीचे फड बसलेले असतात.

परीक्षेचे दोन भाग असतात. शास्त्रीय पायाच्या पहिल्या भागात दीड तासात ९५ प्रश्न आणि प्रत्यक्ष उपयोजनाच्या दुसऱ्या भागात अडीच तासांत १२५ प्रश्न सोडवायचे असतात. दोन्हींतील प्रत्येकी १५ प्रश्न केवळ चाचणीपुरते असून त्यांचे गुण धरले जात नाहीत. पण ते कोणते हे कळण्याची सोय नसल्याने सर्वच प्रश्नांना सारखेच घाबरावे लागते.

पहिल्या भागाचा आरंभ स्नायूपासून होतो. स्नायू आखडतो तेव्हा ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू स्वतः आखूड न होता एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धांत १९५४ साली दोन वेगवेगळ्या संशोधक-जोड्यांनी मांडला. दोन्ही जोड्यांत एकेक हक्सले होता आणि त्या दोघांचे परस्परांशी काही नाते नव्हते. परीक्षेत हे कोणी विचारत नाही, पण या योगायोगामुळे सिद्धांत लक्षात राहतो. मज्जातंतूचा संदेश येताच कॅल्शियम मोकळे होते, ते ट्रोपोनिनला चिकटते, ॲक्टिनवरील झाकलेल्या जागा उघड्या पडतात आणि मायोसिनची डोकी त्या जागा पकडून ओढतात, हा क्रम पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते.

अभ्यासाला खरी धार येते ती भाराच्या प्रकरणात. ज्या वजनाची एकच उचल जमते, दुसरी जमत नाही, त्या वजनाला कमाल भार मानून ग्रंथ सारे गणित मांडतो. कमाल भाराच्या ८५ टक्के किंवा त्याहून अधिक वजन, सहा किंवा कमी आवर्तने आणि मध्ये दोन ते पाच मिनिटे विश्रांती ही ताकदीची मात्रा. ६७ ते ८५ टक्के वजन आणि सहा ते बारा आवर्तने ही स्नायूंचा आकार वाढवण्याची. आणि त्याहून हलके वजन बारा किंवा अधिक वेळा उचलणे ही स्नायूंच्या दमसासाची. हा हिशोब तालमीतल्या जोराला लावून पाहिला, की एक गोष्ट स्पष्ट होते. साध्या जोरात हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पडतो, म्हणजे ७० किलोच्या पैलवानाच्या हातांवर ४६-४७ किलो. पहिल्या जोराला हा भार जेवढा, तेवढाच शंभराव्यालाही. तालमीत मेहनत वाढते ती आकड्याने, भाराने नव्हे. तेव्हा शेकड्याने मारलेले जोर दमसास वाढवतात, आणि पैलवानाची खरी ताकद प्रामुख्याने तयार होते ती लढतीच्या सरावात, जिथे समोरच्या गड्याचे वजन उचलावे, ओढावे आणि दाबावे लागते. जोरांच्या आकड्यावर पैलवान जोखणाऱ्या वस्तादांना हे रुचणार नाही, परंतु याच वस्तादांनी नव्या पोराला आपल्याहून जड गड्याशी लढवण्याची रीत घालून दिली आहे, आणि ग्रंथाच्या भाषेत तोच वाढता भार होय.

ऊर्जेचे प्रकरण या मुलखात समजायला सोपे जाते. पहिल्या काही सेकंदांच्या जोरकस हालचालीला स्नायूत साठवलेले एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट पुरते, त्यानंतरच्या दोनेक मिनिटांत साखरेचे जलद विघटन मुख्य भार उचलते आणि त्यापुढे प्राणवायूवर चालणारी व्यवस्था. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. त्याची एकेक उचल पहिल्या प्रकारातली. ऊसतोडीच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारा आणि मोकळ्या हाताने परतणारा मजूर दिवसभर तीव्र श्रम आणि अपुरी विश्रांती यांची जी साखळी चालवतो, ती ग्रंथातल्या इंटरव्हल सरावाहून फारशी वेगळी नाही; फरक एवढाच, की विश्रांती किती हे तिथे प्रशिक्षक ठरवत नाही.

विश्रांतीचे मोल कळण्यासाठी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे उदाहरण पुरेसे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. जपानच्या इशीशी झालेल्या लांबलेल्या कुस्तीनंतर नियमाने मिळायला हवी असलेली अर्ध्या तासाची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले आणि त्यांची बाजू मांडायला जबाबदार अधिकारी तिथे नव्हता, अशी हकिगत वारंवार सांगितली जाते. ग्रंथ सांगतो, की खर्चलेले क्रिएटिन फॉस्फेट पूर्ववत व्हायला सुमारे आठ मिनिटे लागतात, तर रक्तातील लॅक्टेट मूळ पातळीवर यायला तासभरही लागू शकतो. म्हणजे तो अर्धा तासही पुरा नव्हताच, तरी त्यात बरेच भरून आले असते. हळहळीने सांगितली जाणारी ही गोष्ट परीक्षार्थीला आकड्यांत वाचता येऊ लागते, हा या अभ्यासाचा मोठा लाभ.

आहाराचे प्रकरण त्यामानाने लवकर उरकते. ताकदीचा सराव करणाऱ्याला दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन लिटर म्हशीच्या दुधातून सत्तरेक ग्रॅम मिळत असल्याने ७० किलोच्या पैलवानाची निम्म्याहून अधिक गरज खुराकाच्या जुन्या हिशोबातच भागते. खुराकातल्या तुपाचे समर्थन मात्र ग्रंथातून करता येत नाही.

दुसऱ्या भागात काही प्रश्न छायाचित्रांवर आणि चित्रफितींवर बेतलेले असतात आणि तिथे तालमीत तयार झालेली नजर फसते. ताक, तेल, लिंबू आणि हळद घालून मळलेल्या मातीच्या कडेला पैलवान बैठका काढतो तेव्हा खाली जाताना त्याच्या टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि हात मागून पुढे झोक घेतात. खांद्यावर दांडा घेऊन मारलेल्या स्क्वॉटमध्ये हीच उचललेली टाच चूक ठरते, कारण वर भार असताना तोल पुढे जाऊन गुडघ्यावर अवाजवी ताण येतो. दोन्ही व्यायाम वरवर सारखे दिसले तरी त्यांचा भार, वेग आणि हेतू वेगळा असल्याने एकाचा नियम दुसऱ्याला लावणे अशास्त्रीय होय. परीक्षेच्या पडद्यावर टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात हाच पर्याय निवडावा लागतो. तालमीत मात्र चवड्यांवरच्या बैठका सुरू ठेवून वजनाच्या स्क्वॉटसाठी आठवड्यातले वेगळे दिवस राखणे बरे.