मुलामा

अब्बांचा सॅक्सोफोन विकायचं ठरलं तेव्हा अम्मी म्हणाली, "विकायचाच तर नीट करून वीक. असला काळा ठिक्कर कोण घेणार?"

आमच्या जयसिंगपुरात पूर्वी वरात बँडशिवाय निघत नसे. अब्बा अशाच एका बँड पार्टीत आल्टो वाजवायचे. गणपतीची मिरवणूक असो, लग्न असो की उरूस, पार्टीत निम्म्याहून जास्त आमच्याच मोहल्ल्यातले. मग डॉल्बी आला. त्या स्पीकरांच्या भिंतीपुढे सॅक्स कुणाला ऐकू येणार? पार्टी मोडली आणि सॅक्सचा डबा कपाटावर गेला. अब्बांना जाऊन आता सहा वर्षं झाली. बहिणीच्या नर्सिंगच्या फीला पन्नास हजार कमी पडत होते, म्हणून मी तो डबा खाली काढला.

वाद्य अमेरिकेतल्या कॉन कंपनीचं, पितळेवर चांदीचा मुलामा दिलेलं. अंगावर 8 डिसेंबर 1914 ही तारीख कोरलेली. लहानपणापासून आम्ही येईल त्याला ऐटीत सांगायचो, आमचा सॅक्स 1914 सालचा. काम हाती घेतल्यावर कळलं, ती पेटंटची तारीख आहे. वाद्य त्यानंतरचं, 1920 च्या दशकातलं. जवळच 'एल' हे अक्षर सापडलं तेव्हा मात्र जीव भांड्यात पडला. 'एल' म्हणजे आजच्या सुराला जुळणारं वाद्य. त्या जागी 'एच' असतं तर ते इतर वाद्यांबरोबर कधीच जुळलं नसतं, नुसतं शोभेला राहिलं असतं.

मिरज इथून हाकेच्या अंतरावर, सतारी-तंबोऱ्यांचं गाव. तिथे विचारलं तर कारागीर हसून म्हणाला, "आमचं काम तारांचं, वाऱ्याचं न्हाई." शेवटी मुंबईहून चामड्याची पॅड मागवली आणि स्वतःच बसलो. चाव्या एकेक करून काढल्या आणि चिठ्ठ्या लावून ठेवल्या. सुईसारख्या पोलादी स्प्रिंगाही काढल्या, नाहीतर पाण्यानं गंजल्या असत्या. टबात अॅल्युमिनियमचा कागद, कडक पाणी आणि खायचा सोडा. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. या पाण्यात तो गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी राहते. पॉलिशनं घासलं तर काळ्याबरोबर थोडी चांदीही जाते, आणि मुलामा असतोच केवढा! पॅड बसवल्यावर रात्री दिवे बंद करून नळीत बारका दिवा सोडला. फटीतून जिथे उजेड दिसेल तिथून वारा गळतो. त्या फटी बुजवण्यात तीन रात्री गेल्या.

सगळं लखलखलं. फक्त उजवा अंगठा टेकायचा तिथे मुलामा झिजून पितळ दिसत होतं. आणि गळ्यावर एक राखाडी रेघ होती. एका मिरवणुकीत धक्का लागून सॅक्स पडला, गळ्याला चीर गेली, तेव्हा अब्बांनी भांडीवाल्याकडून डाग देऊन घेतला होता. ती ही रेघ.

मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं फोटो बघून सांगितलं, "गळ्यावर नवा मुलामा चढवून पाठवा. 55 हजार देतो."

हुपरी आमच्याच जिल्ह्यातलं चांदीचं गाव. तिथल्या कारागिराला गळा दाखवला. तो म्हणाला, "करून देतो की. डाग कुणाच्या बापाला दिसायचा न्हाई."

एसटीत बसल्यावर विचार करत राहिलो. व्यापाऱ्याला डाग ठाऊक आहे, म्हणजे त्याला मी फसवत नाही. मग फसवतोय कुणाला? त्याच्याकडून घेणाऱ्याला. तो माणूस मला कधी भेटणार नाही, इतकाच काय तो फरक. बाजारात धान्य घेताना अब्बा एक गोष्ट हमखास सांगायचे. पैगंबरांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला तर आतला माल ओला लागला. पावसानं भिजला, असं विकणारा म्हणाला. मग ओलं वर का नाही ठेवलंस, असं त्यांनी विचारलं. गोष्ट संपली की अब्बा राशीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि दुकानदार हसायचा.

गळा तसाच घरी आणला.

दोन आठवड्यांनी मिरजेचा एक तरुण आला. चर्चमध्ये वाजवतो, शिकलाय कद्री गोपालनाथांची रेकॉर्डिंग ऐकून. मंगळूरकडच्या या माणसानं हे बँडचं वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसवलं, हे तो मला अर्धा तास सांगत होता. मग त्यानं रीड ओली केली आणि सोप्यात उभा राहून वाजवू लागला. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण आतली भांडी वाजायची थांबली.

मी त्याला रेघ दाखवली. पेटंटची तारीख आणि वाद्याचं खरं वय, दोन्ही सांगितलं. त्यानं रेघेवरून नख फिरवलं, खालपासून वरपर्यंत सगळे सूर पुन्हा वाजवून बघितले. "माझ्याकडं 42 आहेत," तो म्हणाला. मी दिला.

तो गेल्यावर अम्मीनं विचारलं, "डाग दाखवलास?"

"दाखवला."

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता आठ हजारांचं बघ."