स्टिकर चालू मुदतीचा, पिना झिजलेल्या

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनतात. तिथले टेस्टर तपासायला मी कॅलिब्रेशनच्या कामासाठी जातो. लाइनच्या शेवटी हार्नेसचे सगळे कनेक्टर फिक्स्चरमध्ये बसवले की टेस्टर एकेक सर्किट मोजतो. हिरवा दिवा लागला की माल पॅकिंगला.

मागच्या खेपेला एका टेस्टरवरच्या ऑपरेटर ताई म्हणाल्या, "सर, याचं कॅलिब्रेशन झालंय. स्टिकर बघा ना." स्टिकर खरोखर मुदतीत होता, सर्टिफिकेटही चोख. पण लॅबमध्ये गेलं होतं ते नुसतं मशीन. फिक्स्चर जागेवरच राहिलं होतं आणि ते कुणाच्याच यादीत नव्हतं.

मी एका सर्किटमध्ये डिकेड रेझिस्टन्स बॉक्स जोडला. त्याआधी लीड शॉर्ट करून त्यांचाच रेझिस्टन्स मोजून घेतला, कारण इतक्या लहान आकड्यांत लीडही हिशेबात धरावी लागते. कंट्रोल प्लॅनप्रमाणे मर्यादा होती 2 ओहम. 1 ला हिरवा, ठीक. 3 ला हिरवा. 5 ला हिरवा. ताई माझ्याकडे बघू लागल्या. 9 झाले तरी हिरवाच. 10 च्या पुढे गेल्यावर कुठे लाल लागला.

मशीन बरोबरच मोजत होतं. प्रोग्राममधली मर्यादाच कुणीतरी 10 करून ठेवली होती. कारण फिक्स्चरमध्ये सापडलं. स्प्रिंगच्या पिनांची टोकं झिजून चपटी झाली होती, त्यावर काळपट थर होता. चांगला हार्नेसही नापास व्हायचा, लाइन थांबायची, डिस्पॅचची घाई. मग पिना बदलण्याऐवजी आकडा वाढवला गेला. त्या माणसावर मला राग नाही. पण मर्यादेला पासवर्ड नव्हता, याचा आहे.

5 ओहम म्हणजे किरकोळ वाटतं. 12 व्होल्टवर 55 वॅटच्या हेडलाइटच्या वाटेत सैल क्रिंपमुळे तेवढा अडसर आला, तर दिवा मंद होतोच, शिवाय त्या एवढ्याशा जोडात दहा वॅटहून जास्त उष्णता साठते. कनेक्टरचं प्लास्टिक ते फार काळ सोसत नाही. रात्री घाटात गाडी चालवणाऱ्याला हे कळणार कसं?

पिना बदलल्या, मर्यादा परत 2 वर आणली, पासवर्ड घातला. आता तिथे शिफ्ट सुरू होताना मास्टर पीसबरोबर दोन खास पीस टेस्टरला लावतात: एकात 1.8 ओहमचा रेझिस्टर, दुसऱ्यात 2.2 चा. पहिल्याला हिरवा आणि दुसऱ्याला लाल लागल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. रेझिस्टर काही रुपयांत मिळतात, तपासायला दोन मिनिटं पुरतात. क्वालिटीतल्या मंडळींना विनंती आहे, कॅलिब्रेशनच्या यादीत मशीनच्या खाली फिक्स्चरचीही एक ओळ लिहा.