जतन, साठवण आणि सेव्ह

२ फेब्रुवारी २०२५, वडनेर भोलजी

रात्री नऊला ऑनलाइन बैठक. एक पुण्याहून, एक नागपूरहून, एक ताई बंगळुरूहून, आणि मी मोबाइलच्या नेटवर गच्चीत. कुणी लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचाची मदतपानं मराठीत आणतं, कुणी ग्नोम किंवा केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपांची. पगार कुणालाच नाही. माझ्याकडे भाषांतर थोडं, निरोप्याचं काम जास्त: इकडे काय ठरलं ते तिकडे सांगायचं. दीड तास एकट्या ‘सेव्ह’नं खाल्ला. एकाकडे ‘साठवा’, दुसऱ्याकडे ‘जतन करा’. पुस्तिकेत ‘साठवा दाबा’ लिहिलं आणि पडद्यावर ‘जतन करा’ असलं, तर वाचणारा बटण शोधत बसणार.

यावर उपाय नवा नाही. सगळ्या प्रकल्पांत वारंवार येणाऱ्या शब्दांची एकच यादी असावी, म्हणून रेड हॅट कंपनीत २००८ साली ‘फ्युएल’ सुरू झालं. यादी करणं सोपं. ती पाळायला लावणारा कुणी नसतो, आणि आमच्यात तो मी आहे म्हणे.

४ फेब्रुवारी

शहाणपणा केला आणि अंगलट आला. ‘साठवा’ शोधून सगळीकडे ‘जतन करा’ बदललं. गंमत म्हणजे ‘साठवायचे’चं आपोआप ‘जतन करायचे’ झालं, अगदी शुद्ध! पण ‘साठवलेली’ तशीच राहिली. एकाच पानावर फाइल आधी जतन करायची आणि नंतर साठवलेली उघडायची. संध्याकाळ निस्तरण्यात गेली.

त्यात भर चिन्हांची. कीबोर्डवरून मेनू उघडायला अक्षराआधी जी खूण लागते, ती ग्नोममध्ये अधोरेषा, केडीईत अँपरसँड, लिब्रेऑफिसमध्ये टिल्ड. त्यामुळे एकाची ओळ उचलून दुसऱ्याकडे चिकटवली की खूण चुकते. मी दोनदा चुकलोय, तिसऱ्यांदा चुकेन.

६ फेब्रुवारी

लिब्रेऑफिसची २५.२ ही नवी आवृत्ती आली. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द जरी हलला, तरी त्याचं मराठी ‘शंकास्पद’ म्हणून बाजूला पडतं आणि माणूस तपासेपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दिसतं. चांगली बसलेली वाक्यं अशी पुन्हा दारात उभी राहतात.

९ फेब्रुवारी

सेवा केंद्रात गर्दी. शेजारच्या मावशी अर्ज भरायला आल्या होत्या. म्हटलं, यांनाच विचारू.

“मावशी, हे ‘जतन करा’ दाबा.”

“बापू, जतन त बियाणं करतेत. अर्जाले काय जतन करतं?”

“मग ‘साठवा’?”

“साठवाले कणगी लागते.” मग माझ्याकडे बघून, “तू सेव्ह म्हन ना. मोबाइलमंदी नंबर सेव्ह करतो तसं.”

दीड तासाच्या बैठकीत हे कुणी बोललं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

परवान्याचा घोळ. ताईंना ग्नोमच्या मदतपानातला एक उतारा लिब्रेऑफिसच्या पुस्तिकेत हवा होता. ग्नोमचा मजकूर ‘सीसी बाय-एसए’, म्हणजे पुढे नेणाऱ्यानं तोच परवाना ठेवायचा. लिब्रेऑफिसच्या पुस्तिका ‘सीसी बाय’वर आहेत, तिथे नाव दिलं की पुरतं. लिब्रेऑफिसचं ग्नोमकडे जातं, ग्नोमचं लिब्रेऑफिसकडे येत नाही. ताई चिडल्या, “फुकट आहे ना सगळं?” फुकट आहे, मोकाट नाही. उतारा आपल्या शब्दांत नव्यानं लिहून दिला.

२३ फेब्रुवारी

हरभरा सोंगायला आलाय, म्हणून बैठक तासाभरात आवरती घ्या म्हटलं. मावशींचं बोलणं जसंच्या तसं वाचून दाखवलं. नागपूरकर हसला. पुणेकर म्हणाला, असं करत गेलो तर मराठी शब्द उरायचाच नाही. त्याचंही खरं आहे. मी बराच वेळ गप्प होतो. शेवटी तोडगा निघाला: मेनूत ज्या प्रकल्पाचा जो शब्द असेल तो अवतरणात तसाच, आणि खाली समजावून सांगताना चौघांनीही ‘सेव्ह’ लिहायचं. पुणेकरानं ‘तूर्त’ हा शब्द घालून मान्यता दिली. टिपणात ‘तूर्त’ नोंदवलाय.

पुढच्या बैठकीला ‘डिफॉल्ट’. मावशींना आधीच विचारून ठेवतो.